घरी दाखवायचं नाही

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझी भावजय योगिनी म्हणते. म्हणेना का. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईनं भाबडं राहून चालत नाही. गिऱ्हाईक बांगड्याचा कल्ला उचलून बघतं आणि मी गिऱ्हाइकाचं तोंड बघते. कोण घेणार आणि कोण नुसता भाव विचारून पुढे जाणार, हे माणूस टोपलीशी वाकायच्या आत मला कळतं. म्हणून आमच्या मांडवीत कराटेचा क्लास निघाला आणि त्याच्या फलकावर 'वय वर्षे चारपासून प्रवेश' असं मी वाचलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

चार वर्षांचं पोर म्हणजे काय असतं हो? त्याला चड्डीची नाडी बांधता येत नाही. उजवी चप्पल डाव्या पायात घालतं. अशा पोरांना हाणामारी शिकवायला जो बाप्या लांज्याहून उठून इथं समुद्रावर येतो, त्याच्या पोटात काय आहे ते मला कुणीतरी सांगावं.

आमच्या घरात असं पोर एकच, सानवी. माझा धाकटा भाऊ रूपेश मुंबईला गोदीत कामाला आहे, गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. योगिनी, म्हणजे त्याची बायको, एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी जाते ती दिवेलागणीनंतर परतते. मी हिरा, रूपेशची थोरली बहीण. माझा नवरा शिवा होडीवर होता. समुद्रानं त्याला नेलं आणि मी माहेरी येऊन राहिले. मला मूल नाही. बाजार आटोपला की सानवीला बालवाडीतून मी आणते, जेवू घालते, झोपवते आणि उठली की आंघोळ घालते.

आंघोळीच्या वेळी ती मला सगळं सांगायची. बालवाडीत कुणी कुणाला चावलं, बाईंनी कुणाचा डबा पालथा केला, कुणाच्या आईनं कुणाच्या बाबाला काय म्हटलं, सगळं. अंगावर तांब्या ओतता ओतता मी फक्त 'मग?' म्हणायचं. त्या पोरीच्या पोटात काही राहत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. आई दिवसभर बाहेर, बाप मुंबईला. पोरीनं मला सांगितलं नाही तर तिला राखायची कशी? देवाकडे मी दुसरं काही मागत नव्हते.

योगिनीनं मोबाइलवर कसलेकसले व्हिडिओ बघितले आणि एक दिवस म्हणाली, "वन्सं, मी सानवीचं नाव कराटेला घालतेय. मुलीच्या जातीला आपलं रक्षण करता आलं पाहिजे."

"चार वर्षांच्या पोरग्येनं कोणाशी लढायचा?" मी म्हटलं. "तिला राखायला आम्ही मेलोत काय?"

"लढायला नाही हो. सर म्हणाले, या वयात खेळ म्हणूनच घेतात."

"मग खेळायला मास्तर कशाला लागतो गो?"

योगिनी शिकलेली आहे, आवाज चढवत नाही, पण ओठ घट्ट मिटले की समजावं. "बरं, मग तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "कितव्या वर्षी घालायचं?"

"अंगात जरा ताकद आली की."

"म्हणजे कधी? सहाव्या? दहाव्या?"

उत्तर नसलं की मी भांडी घासायला उठते, तशी उठले. दुसऱ्या दिवशी सानवीला घेऊन क्लासला मलाच जावं लागलं, कारण त्या वेळेला घरात दुसरं होतं कोण?

मास्तरचं नाव अजिंक्य. तिशीचा असेल, कोरलेली दाढी, अंगानं काटक, आणि आवाज एवढा हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. मुलांवर कधीही न ओरडणारा मास्तर मी जन्मात बघितला नव्हता, आणि जे कधी बघितलं नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही. मोठी मुलं मंडळाच्या हॉलमध्ये शिकायची. तिथली फरशी कडक, पडलं तर लागतं, म्हणून बारक्यांना तो संध्याकाळी पुळणीवर, समुद्राकाठच्या मऊ वाळूत न्यायचा. पालकांनी लांब बंधाऱ्यावर बसायचं. आई-बाप जवळ असले की मुलं त्यांच्याकडेच बघत बसतात, असं तो म्हणाला. बंधाऱ्यावरून पोरं दिसत, पण समुद्राच्या आवाजात शब्द एक ऐकू येत नसे. हे त्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणू?

पहिला क्लास झाल्यावर दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना मी विचारलं, "काय शिकवलान गो मास्तरनं?"

सानवीनं तोंडावरचं पाणी पुसलं. "घरी दाखवायचं नाही."

"कोण म्हटला?"

"सर. क्लासमधलं घरी दाखवायचं नाही."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी म्हटलं, दाखवू नको, नुसता सांग. तर तिनं ओठ आत ओढून घेतले. मी मालगुंडहून आणलेला खाजा काढला. खाजा तिनं खाल्ला, बोटं चाटली आणि सांगितलं मात्र काही नाही. चार वर्षांची पोर, जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तिला या माणसानं एका संध्याकाळीत गप्प बसायला शिकवलं होतं. टोपलीवर कुणी ओलं फडकं घट्ट लपेटून बसलं की माल कालचा आहे हे आमच्यात शेंबडं पोरही ओळखतं.

मी योगिनीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, घरी लाथाबुक्क्या करू नयेत म्हणून सांगितलं असेल."

"असेल म्हणजे? तू विचारलंस?"

"विचारते." पण ती दमून आलेली असायची, आणि विचारायचं राहिलं. मीही विचारलं नाही. खोटं बोलणार असलेल्या माणसाला विचारून काय फायदा, असा माझा हिशेब होता.

मग मी बंधाऱ्यावर बसून डोळ्यांत तेल घालून बघू लागले. तो पोरांना एका रांगेत उभं करी. एकेक पोर पुढे येई आणि धपकन पुळणीवर पडे. पडलं की उठे, रांगेच्या शेवटी जाऊन उभं राही. लाथ नाही, बुक्की नाही, ते व्हिडिओतलं हू-हा नाही. नुसतं पडणं. मधेच तो हात वर करी आणि धावणारी सगळी पोरं जागच्या जागी थिजत. आमच्या हाकेला ओ न देणारी ही पोरं एका हाताला अशी कशी थांबतात? शेवटी थोडा वेळ तो त्यांना पाण्याकडच्या उतारावर खाली नेई, तेवढं मात्र बंधाऱ्यावरून दिसत नसे. माझ्या शेजारी जनी बसलेली असे. बाजारात तिची टोपली माझ्या टोपलीला लागून, आणि तिची नात शमिका या क्लासला. मी म्हटलं, "जने, हा कसला कराटे?" जनी म्हणाली, "काय की बाय. माझे डोळे आधीच अधू." माझे डोळे चांगले होते.

सानवीच्या कोपराला खरचटलं. मी विचारलं तर म्हणाली, पडले. कुठे? तर गप्प. एकदा झोपेत 'थांब' असं ओरडली. पाणी कुठंतरी मुरतंय हे मला कळत होतं, पण बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.

ती सापडली एका दुपारी. मी मागच्या पडवीत मासे खारवायला घालून घरात आले, तर सानवी माजघरात जमिनीवर आडवी होती. उताणी. पाय जुळवलेले, हात दोन्ही बाजूंना सरळ, डोळे मिटलेले. केस विस्कटून कपाळावर आलेले. मी हाक मारली. हलली नाही. पुन्हा मारली. छाती वर-खाली होत नव्हती.

शिवाला त्यांनी पुळणीवर असंच ठेवलं होतं. समुद्रानं परत दिलेलं माणूस आमच्याकडे पहिल्यांदा पुळणीवरच ठेवतात, पाय पाण्याकडे करून, म्हणजे समुद्राला कळावं की हा तुझ्याकडून आलाय आणि आता आम्ही नेतोय. म्हणून जिवंत माणूस आमच्यात पुळणीवर त्या दिशेला पाय करून कधी आडवं होत नाही. दमलेला खलाशीसुद्धा नाही. पोरं खेळता खेळता तशी पडली तर म्हातारी माणसं पाठीत धपाटा घालून उठवतात.

मी किंचाळले. सानवीनं एक डोळा उघडला आणि खुदकन हसली. "अगं आत्या, मी हललेच नाही!"

मी तिला उचलून छातीशी धरली. "हा काय प्रकार गो बाय? कोणी शिकवलान?"

आपण सरांचा शब्द मोडला हे तिला कळलं. ती रडवेली झाली. "सरांना सांगू नको हां. मेल्यासारखं पडायचं. हलला तो आऊट."

"कुठं पडायचा?"

"पुळणीवर. सगळ्यांनी. पाय समुद्राकडे करून."

आणखी काय हवं होतं मला? त्या दिवशी अंग मोडून आलंय असं सांगून मी तिला क्लासला नेलं नाही. योगिनी आल्यावर तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "वन्सं, अहो शवासनासारखं काहीतरी असेल. मुलांना शांत करायला." पुन्हा असेल! तिचं माहेर कोल्हापूरकडचं. तिला पुळणीवर आडवं केलेलं माणूस कधी बघावं लागलं नाही.

सकाळी बाजारात मी जनीला सांगितलं. आता सगळे मला बोलतात, म्हणून मी शपथेवर सांगते की त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्यानं पोरांना तिन्हीसांजेला पुळणीवर झोपवलान, पाय पाण्याकडे. मेल्यासारखे पडा म्हणून सांगितलान. आणि घरी दाखवू नका म्हणून बजावलान. एवढंच मी म्हटलं.

जनीच्या हातातली कोयती थांबली. "खरा सांगतेस?"

"माझ्या सानवीनं स्वतः सांगितलान."

जनीचा भाऊ समुद्रातून परतलाच नव्हता. बाजारात बसणारी एकही बाई अशी नव्हती की जिच्या घरचं कुणी ना कुणी पाण्यावर गेलं नाही. उन्हं डोक्यावर यायच्या आत गोष्ट पलीकडच्या रांगेला पोचली, आणि परत माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात लिंबू होतं, काळा दोरा होता, आणि लांज्याला त्या मास्तरची असलीच काहीतरी भानगड झालेली होती. ते मी घातलं नव्हतं. पण मी ते काढूनही टाकलं नाही. मला वाटलं, असेलही.

संध्याकाळी आम्ही गेलो. बाजारातल्या बायका, सोबत दोन-चार बापये, आणि सर्वांत पुढे मी. सानवीला मी कडेवर घेतली होती. बंधाऱ्यावर न थांबता आम्ही थेट पुळणीवर उतरलो. अजिंक्य थोड्या पोरांना घेऊन उभा होता. एवढी माणसं बघून त्यानं हात वर केला आणि पोरं थांबली.

"काय झालं, काकी?" त्यानं मला विचारलं.

"तूच सांग काय चाललाय ते. आमच्या पोरांना इथं काय करतोस?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं तोच मागून कुणीतरी ओरडलं, याला आधी पोलिसात द्या. दुसरी म्हणाली, पोरांना विचारा, पोरं खोटं बोलत नाहीत. तेव्हा मी सानवीला खाली उतरवली आणि सगळ्यांच्या मधे उभी केली.

"सांग गो बाय," मी म्हटलं. "मला सांगितलंस ना, तसाच सगळ्यांना सांग. भिऊ नको. मास्तर काय म्हटला?"

सानवीनं मास्तरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुन्हा म्हटलं, सांग. तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी तोंडावर घेतला आणि त्याच्या आड रडायला लागली. जमलेल्या बायका म्हणाल्या, बघा, पोर किती घाबरलंय! मलाही तेव्हा तसंच वाटलं.

अजिंक्य खाली बसला. सानवीच्या जवळ आला नाही, होता तिथंच गुडघ्यांवर बसला. "तिला नका विचारू," तो म्हणाला. "मी सांगतो."

त्यानं सांगितलं ते असं. चार वर्षांच्या पोराला कराटे शिकवता येत नाही आणि तो शिकवतही नव्हता. त्याची हाडं कोवळी, त्याला जोर कुठं थांबवायचा ते कळत नाही. सातव्या वर्षाच्या आधी तो कुणाला बुक्की मारायला शिकवत नाही. त्याआधी तीनच गोष्टी. न लागता पडायचं कसं, आपली पाळी येईपर्यंत उभं राहायचं कसं, आणि थांब म्हटलं की थांबायचं कसं. "थांबता येतं ते पोर शिकायच्या वयाचं झालं," तो म्हणाला. "एखादं पाचव्या वर्षी होतं, एखादं बाराव्यालाही होत नाही." मेल्यासारखं पडायचं ते याचसाठी, धावून तापलेल्या पोरांना निवांत पडता यावं म्हणून. आणि घरी दाखवायचं नाही, कारण आधी शिकवायचा तिथं एका मुलाला पाहुण्यांसमोर करून दाखव म्हणाले आणि त्यानं धाकट्या बहिणीचा दात पाडला.

"आणि पाय समुद्राकडे?" जनीनं विचारलं.

तो गोंधळला. "पुळण तिकडे उतरती आहे ना. डोकं उंचावर राहावं म्हणून."

मग जनीनंच त्याला सांगितलं, पुळणीवर तसं कुणाला ठेवतात ते. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो लांज्याचा, काजूच्या आणि कातळाच्या मुलखातला. त्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं वाकून पुळणीला हात लावला आणि कपाळाला लावला. "आधी कुणी सांगितलं असतं तर..." एवढं म्हणून तो थांबला.

त्याचं बोलणं मला पटलं. तिथंच, उभ्या उभ्याच पटलं. माशाचं आणि माणसाचं मला कळतं, आणि हा माणूस खोटा नव्हता. पण बायका आपापली पोरं ओढून निघाल्या. जनी जाता जाता म्हणाली, "असेल बाबा खरा. पण कुणी सांगावा?" चार दिवसांनी मंडळानंच कळवलं की बारक्यांचा वर्ग बंद. मोठ्या मुलांतलीही बरीच गळाली.

मी बाजारात सांगायला गेले की मास्तर सरळ माणूस आहे, आपली चूक झाली. तेव्हा एका सकाळीत सगळा बाजार फिरून आलेली माझी जीभ, आता शेजारच्या टोपलीपर्यंत पोचेना. "तूच तर म्हटलंस," सगळ्या म्हणत. "आता तुला काय दिलान त्यानं?"

घरी योगिनी माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. ते मी सोसलं असतं. पण सानवी आंघोळीला गप्प बसायला लागली. मी तांब्या ओतायची, 'मग?' म्हणायची. ती म्हणायची, "काय नाय." बालवाडीत काय झालं? काय नाय. कोण आलं नव्हतं? ठाऊक नाय. आता तिला कुणी मास्तर गप्प बस म्हणून सांगत नव्हता. ती आपणहून गप्प होती, आणि फक्त माझ्याशी. भिंतीशी, बाहुलीशी बोलायची, मी आले की थांबायची. मी आत जाऊन पदराआड रडले, खोटं कशाला सांगू.

शिमगा जवळ आला होता. एका दुपारी सानवीचा फ्रॉक उतरवला आणि तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला मला वळ दिसले. निळसर. शेजारी शेजारी, बोटांचे. मोठ्या माणसाच्या हाताचे वाटत होते, पण थोराड पोराचेही असू शकतात, मी काय सांगू?

"कोणी धरलान गो तुला?"

"पडले."

"पडल्यावर असा लागत नाय. कोण होता? बालवाडीत? वाटेत?"

तिनं हात पाठीमागं नेला. "तू सगळ्यांना सांगतेस," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साधेपणानं.

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली, देवाची घेतली, शिवाची घेतली. ती अंगावर पाणी पडायची वाट बघत बसून राहिली. रात्री योगिनीनं विचारलं, तिलाही सानवीनं 'पडले' एवढंच सांगितलं; योगिनीच्या पाठीमागं मी उभी होते ना. निजताना आईनं एकटीनं विचारलं, तरी तेच. बालवाडीच्या बाईंनी आपल्याला काही ठाऊक नाही म्हणून कानावर हात ठेवले. आजवर जगातल्या प्रत्येकाचा मला संशय येत आला, पण या वेळी कुणाचा घ्यावा तेच कळेना, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. रोज ज्यांच्या दारावरून आम्ही जायचो, ते प्रत्येक दार मी आठवून बघितलं.

"सरांना सांगेल ती," योगिनी सकाळी म्हणाली. डबा भरत होती, वर बघितलं नाही. "पडली तरी आधी त्यांना सांगायची, मग मला. मला सुट्टी नाही, आणि तसंही तुम्ही मोडलंत, तुम्हीच जा."

मी गेले. मोठ्यांचा वर्ग सुटला होता. अजिंक्य हॉलमध्ये एकटाच सतरंज्या गुंडाळत होता. सानवी त्याला बघताच माझा हात सोडून पळाली आणि त्याच्यापुढे जाऊन दोन्ही पाय जुळवून वाकली. तो हसला, मग मला बघून हसायचा थांबला. उठून आधी त्यानं हॉलची दोन्ही दारं सताड उघडली.

मी त्याला वळ दाखवले. काय झालं ते सांगितलं. "तुमच्याशी बोलेल ती," मी म्हटलं. "माझ्यासमोर तोंड उघडत नाय. मी बाहेर जाते, तुम्ही विचारा."

"नाही काकी." आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तुम्ही बाहेर जायचं नाही. तुम्ही गेलात तर मी पण हॉलबाहेर जाणार."

"अहो, मीच सांगतेय ना!"

"आज तुम्ही सांगताय. उद्या कोण काय सांगेल, ते तुम्हाला नाही कळणार. आता मी कुठल्याच मुलाशी एकटा बोलत नाही." तो सानवीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "आधी बोलायचो. आमच्याकडे पोरं काय काय सांगतात, तुम्हाला कल्पना नाही."

मी खाली बसले. मी तिथं असेपर्यंत सानवी बोलणार नव्हती आणि मी गेले तर हा माणूस थांबणार नव्हता, आणि हे दोन्ही माझ्याच हातानं झालं होतं. सानवी त्याच्याकडे बघत होती, तो दाराकडे.

मग मी उठले. हॉलच्या त्या टोकाच्या भिंतीशी गेले, जिथून मी दोघांनाही दिसेन. त्यांच्याकडे पाठ केली. "मी हयसरच आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "जात नाय कुठे. पण मला काय ऐकू येणार नाय." आणि दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले.

कानांत माझंच रक्त घुमायला लागलं. समोर भिंत होती, चुन्याचा पोपडा सुटलेली. मागं काय चाललंय, ती बोलतेय की नाही, कुणाचं नाव घेतेय, मला काही कळत नव्हतं. घ्यावी एक फट करून, नुसती एका बोटाची, असं मनात येत होतं. ते नाव मला हवं होतं. ते कळलं असतं तर मी त्या माणसाचं काय केलं असतं ते देवच जाणे, आणि उद्या सकाळी बाजारात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असतं तेही मला ठाऊक होतं.

हात भरून आले. खांद्यांना रग लागली. मी कानांवरचे हात काढले नाहीत.